फुकटचं वायफाय की आपलं नेट? मुंबईला निघालेल्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय. कुणी घरातल्या आजारपणासाठी मुंबईला निघालंय, कुणी अॅडमिशनसाठी, कुणी नुसतं नातवंडांना भेटायला, आणि सगळ्यांचं विचारणं एकच की तिकडे फ्री वायफाय मिळतं म्हणतात तर त्यावर भागेल का, की मोठा रिचार्ज मारून जावं. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच देतेय. ज्यांनी नाव छापू नका म्हटलंय त्यांचं बरोबर आहे, आपण कुणाचंच छापत नाही, फक्त गाव लिहितो.

प्रश्न : ताई, सासूबाईंना तपासणीसाठी परळच्या हॉस्पिटलात न्यायचं आहे, आठ-दहा दिवस डोंबिवलीला दिरांकडे राहावं लागेल. माझा पॅक रोज दीड जीबीचा. मुलगा म्हणतो मुंबईत सगळीकडे फ्री वायफाय असतं, उगाच पैसे घालवू नको. शेजारच्या वहिनी म्हणतात फ्री वायफायला फोन जोडलास की बँकेतले पैसे गेलेच समज. माका आता खराखोटा काय ताच कळणा नाय. (देवगड)

उत्तर : काकू, आधी मुलाचं घेऊ. मुंबईत फ्री वायफाय आहे हे खरं, सगळीकडे आहे हे खरं नाही. रेल्वे स्टेशनवर आहे, एअरपोर्टवर, मॉलमध्ये, काही हॉटेलांत आहे. २०१७ साली राज्य सरकारनेही मुंबईत पाचशे ठिकाणी हॉटस्पॉट सुरू केले होते. पण वायफायची पोच किती, तर वायफायच्या डब्यापासून, म्हणजे राउटरपासून, थोड्या मीटरपर्यंत, मधे दोन भिंती आल्या की तीही नाही. आणि तुम्हाला नेट कुठे लागणार ते डोळ्यासमोर आणा बघू. टॅक्सीत बसल्यावर गेट नंबर शोधायला, औषधाच्या दुकानात पैसे द्यायला, लॅबवाल्यांनी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाकला की डॉक्टरांना दाखवायला, भावोजी कुठवर आलेत ते विचारायला. यातलं एक तरी काम वायफायच्या डब्याखाली बसून होणार आहे का? सगळी कामं चालता चालता, रांगेत उभं राहून करायची. म्हणून माझं मत सरळ आहे, आजारी माणूस सोबत असताना आपलं मोबाइल नेट हेच मुख्य धरायचं आणि फ्री वायफाय मिळालंच तर वरकड म्हणून वापरायचं. त्याच्या भरवशावर घराबाहेर पडायचं नाही.

आता दीड जीबी पुरेल का. पुरेल, अगदी आरामात पुरेल, पण कशासाठी वापरताय त्यावर आहे. रस्ता दाखवणारा मॅप तासभर चालू ठेवला तरी थोडे एमबी जातात, यूपीआयला तर काहीच लागत नाही म्हटलं तरी चालेल, व्हॉट्सअॅपचे मेसेज, रिपोर्टची पीडीएफ, साधा व्हॉट्सअॅप कॉल हे सगळं मिळून दिवसाचा पाव जीबीही होत नाही. खातो तो व्हिडिओ. नेटफ्लिक्सचाच आकडा घ्या, साध्या क्वालिटीला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत. म्हणजे ओपीडीच्या बाहेर बाकड्यावर बसून तासभर व्हिडिओ बघितले की दुपारी औषधाचे पैसे देताना नेट रखडणार. कोटा संपला की बहुतेक कंपन्या स्पीड ६४ केबीपीएसवर आणतात, त्यात मेसेज कसाबसा जातो, फोटो लटकतो. नवीन कोटा रात्री बारानंतरच. मधे अडलंच तर छोटा डेटा पॅक मारता येतो, त्याला फार पैसे पडत नाहीत.

निघायच्या आधी घरीच एक काम करा, मुलाकडून करून घ्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा म्हणून आहे, तिथे मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करायचं. गावच्या ग्रुपवर सकाळी येणारे सुप्रभातचे व्हिडिओ तुम्ही बघा न बघा, फोन ते ओढून घेत असतो. आणि गुगल मॅपमध्ये मुंबईचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, मग रेंज गेली तरी आपण कुठे आहोत ते दिसतं, गाडीचा रस्ताही दिसतो, फक्त ट्रॅफिक दिसत नाही.

तुमचा फोन ५जी असेल तर अजून एक बघा. २०२४ च्या जुलैत दर वाढले तेव्हापासून मोठ्या दोन कंपन्यांनी अनलिमिटेड ५जी हे रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या पॅकवरच ठेवलंय, दीड जीबीवाल्याला ते मिळत नाही. त्या वेळी एका कंपनीचा २८ दिवसांचा दीड जीबीचा पॅक २९९ ला आणि २ जीबीचा ३४९ ला होता, म्हणजे फरक पन्नास रुपयांचा. भाव बदलत राहतात, रिचार्ज करताना आजचा बघून घ्या. गावात ५जी रेंज नसेल तर तो पॅक घेऊन उपयोग नाही, पण मुंबईत ५जी बऱ्याच ठिकाणी मिळतं, तेव्हा त्या एका महिन्यापुरता वरचा पॅक मारला की फ्री वायफाय शोधायची गरजच उरत नाही. परत आल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा दीड जीबी. पूर्वी गावचं सिम मुंबईत नेलं की रोमिंग लागायचं ती भीती अजून पुष्कळ जणांच्या मनात आहे, ती काढून टाका, देशात आपला पॅक तसाच चालतो.

आणि काकू, सगळ्यात चांगलं वायफाय तर तुमच्या दिरांच्या घरी असेल ना. रात्री डोंबिवलीला पोचलात की त्याच्यावर घरच्यांना व्हिडिओ कॉल करा, सासूबाईंना कीर्तन लावून द्या, उद्याचं काय ते डाउनलोड करून ठेवा. ते वायफाय माहितीतल्या माणसाचं आहे, पासवर्डवालं आहे, त्यात संकोच कसला.

आता वहिनींचं. नुसता फोन जोडल्याने पैसे जात नाहीत. बँकेचं अॅप, यूपीआय, व्हॉट्सअॅप हे सगळं आता कुलूप लावूनच माहिती पाठवतं, मधे बसलेल्याला ती वाचता येत नाही. पण वहिनी सावध राहा म्हणतात ते बरोबरच आहे, कारण धोका दुसरीकडे आहे. वायफायचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. हॉस्पिटलच्या नावापुढे फ्री लिहून कुणी आपल्याच फोनचा हॉटस्पॉट चालू करून बसला तर यादीत ते नाव खऱ्यासारखंच दिसणार. म्हणून काउंटरवर विचारायचं की तुमच्या वायफायचं नेमकं नाव काय. जोडल्यावर एक पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो टाकायचा, इथवर ठीक, आपल्याकडे पब्लिक वायफायला असंच असतं. त्या पानावर एटीएम कार्डचा नंबर, यूपीआय पिन, बँकेचा पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड यातलं काहीही मागितलं, किंवा आधी हे अॅप डाउनलोड करा म्हटलं, की लगेच बंद करून बाहेर पडायचं. फोनने स्वतःहून लाल इशारा दिला की ही साइट सुरक्षित नाही, तर पुढे जा वर बोट ठेवायचं नाही. आणि आलेला ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय कुठेच टाकायचा नाही.

पैसे देताना मात्र मी वायफाय बंद करूनच द्या म्हणेन, आणि त्याचं कारण चोरीपेक्षा रखडणं हे आहे. स्टेशनवरच्या किंवा हॉस्पिटलच्या वायफायवर गर्दी असते, फोन जोडलेला दिसतो पण आत नेट मुंगीच्या पावलाने येतं, चक्र फिरत राहतं, पिन टाकून झालेला, दुकानदार बघतोय, मागे रांग. तेव्हा घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवायचे नाहीत. आधी हिस्टरी उघडून बघायची. पेंडिंग असेल तर थांबायचं. खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि खरोखरच फसवणूक झाली तर १९३० ला फोन, त्याच क्षणी, घरच्यांना सांगू का नको असा विचार करत बसायचं नाही. पहिल्या तासात केलेल्या फोनने पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

सासूबाईंना लवकर बरं वाटू दे. पर्समध्ये थोडी रोख ठेवाच, नेट कितीही चांगलं असलं तरी.

प्रश्न : दादर स्टेशनला वायफाय जोडलं, अर्धा तास मिळतं म्हणाले, पण दहा मिनिटांत साधा एक व्हिडिओपण उघडला नाही. मग ते कशाला ठेवलंय? (खेड)

उत्तर : ठेवलंय ते उपयोगाचंच आहे हो, तुमचा अर्धा तास तुमच्याच फोनने खाल्ला असणार. रेल्वेचं वायफाय २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला सुरू झालं, तेव्हा रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी आणि गुगल मिळून चालवायचे, पुढे गुगल बाहेर पडलं आणि आता रेलटेल चालवतं. दिवसाला पहिला अर्धा तास फुकट, तोही १ एमबीपीएसने, म्हणजे मेसेज आणि तिकीट बघण्यापुरता. त्यापुढे हवं तर पैसे भरायचे, २०२१ मध्ये त्यांनी पॅक काढले तेव्हा १० रुपयांत एका दिवसाला ५ जीबी होते आणि स्पीडही कितीतरी जास्त. गाडी चार तास लेट असेल तर दहा रुपये काही वाईट नाहीत.

पण खरी गोष्ट अशी की आपण सगळ्यांनी फोनमध्ये 'फक्त वायफायवर' असं करून ठेवलेलं असतं. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, अॅप अपडेट फक्त वायफायवर. गावी महिनाभर वायफाय न दिसलेला फोन दादरला वायफाय दिसल्याबरोबर गणपतीपासूनचे सगळे फोटो वर चढवायला लागतो आणि वीस-पंचवीस अॅप अपडेट करायला घेतो, त्या एवढ्याशा नेटमध्ये तुमच्या व्हिडिओला जागा कुठे राहणार. जोडायच्या आधी फोटोचा बॅकअप थांबवा, प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद करा. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन ते मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं नेट, म्हणून ठरवता येतं, मग फोन आपला गुपचूप बसतो. आयफोनला लो डेटा मोड आहे. काम झालं की त्या नेटवर्कला 'फर्गेट' करा, नाहीतर पुढच्या वेळी स्टेशनमधून नुसते गेलात तरी फोन स्वतःहून जोडून घेतो आणि चालू असलेला कॉल नाहीतर मॅप अडकतो.

प्रश्न : ताई, माझा इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनचा ऑप्शन फॉर्म भरायचाय, शेवटची तारीख उद्या आणि आज रात्री कोकणकन्येने मुंबईला निघतोय. गाडीत बसून मोबाइलवर भरू की पोचल्यावर स्टेशनच्या वायफायवर? मित्राचा हॉटस्पॉटपण आहे. (लांजा)

उत्तर : अरे बाबा, तुझा मेसेज आला त्याच दिवशी मी तुला उत्तर पाठवलं होतं, इथे छापतेय ते तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी. गाडीत नको. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरी सोडली, भोके गेलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो, त्यात आपण पंचवीस कॉलेजांचा क्रम लावून सबमिट दाबलं आणि पान पांढरं झालं तर फॉर्म गेला की राहिला हे रात्रभर कळत नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर रेंज येते, दोन मिनिटांत पुढचा बोगदा. शिवाय रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी भराभर संपवतो, सकाळी मुंबईत उतरताना ती नेमकी लागते.

स्टेशनच्या वायफायवरही नको. तिथे लॉगिनला ओटीपी, अॅडमिशनच्या साइटला पुन्हा ओटीपी, अर्धा तास संपत आलेला, खांद्यावर बॅग. मित्राचा हॉटस्पॉट त्यातल्या त्यात बरा, फक्त तुझ्या फोनला किंवा लॅपटॉपला ते वायफायच वाटतं, मग तोपण अपडेट ओढायला लागतो आणि मित्राचा दीड जीबी अर्ध्या तासात फस्त होतो, तेव्हा जोडायच्या आधी अपडेट बंद कर.

निघायच्या आधी घरून, नाहीतर बाजारातल्या नेटकॅफेत बसून भरून टाक. कॅफेत भरलास तर ब्राउझरने पासवर्ड सेव्ह करू का विचारलं की नाही म्हणायचं, काम झाल्यावर लॉगआउट करायचं, आणि डाउनलोड झालेली पीडीएफ स्वतःच्या ईमेलला पाठवून त्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकायची. हे पुसायचं नव्वद टक्के मुलं विसरतात असं मला कॅफेवाल्यांकडूनच ऐकायला मिळतं, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गावातल्या निम्म्या पोरांची आधारकार्डं पडलेली असतात, आणि या गोष्टीची मला खरंच काळजी वाटते, फ्री वायफायपेक्षा कितीतरी जास्त. कॉलेजचा क्रम मात्र घाईत लावू नकोस.

प्रश्न : मधे काही वर्षं एसटीत वायफाय असं लिहिलेलं असायचं. जोडलं तरी व्हॉट्सअॅप चालत नसे. का? (गुहागर)

उत्तर : कारण त्या डब्यात इंटरनेट नव्हतंच. गाडीत एक यंत्र बसवलेलं, त्यात सिनेमे आणि गाणी आधीच भरलेली, आपण फोन जोडून ती बघायची, एवढंच. वायफाय जोडलं म्हणजे नेट आलंच असं नसतं, हे अजूनही लागू आहे. फोनवर वायफायच्या खुणेला उद्गारचिन्ह दिसलं की समजायचं, जोडलंय पण नेट नाही, वायफाय बंद करून आपल्या डेटावर यायचं.

प्रश्न : मी चिपळूणला असतो, रिटायर्ड शिक्षक. मुलगी म्हणते भुयारी मेट्रोने या, पण आत नेट नसतं. मग मोबाइलवर तिकीट कसं दाखवायचं? (चिपळूण)

उत्तर : सर, मुलगी म्हणते त्यात तथ्य आहे. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ ची लाइन जमिनीखालून जाते, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती पूर्ण सुरू झाली तेव्हा आत बऱ्याच प्रवाशांच्या मोबाइलला नेटवर्क मिळत नव्हतं, म्हणून स्टेशनात जिथे तिकीट काढतात त्या मजल्यावर फ्री वायफाय दिलं. फ्री वायफाय ही खरोखर गरज आहे अशी जी थोडी ठिकाणं आहेत त्यातलं हे एक, इथे बिनधास्त वापरा. पण सोपा उपाय म्हणजे जिना उतरायच्या आधी, वर रस्त्यावर रेंज असतानाच अॅपवर तिकीट काढायचं आणि क्यूआरचं पान उघडं ठेवायचं. नाहीतर काउंटरवर सुटे पैसे देऊन कागदाचं तिकीट घ्या, ते कुठल्याही नेटशिवाय चालतं. मुलीला कुठल्या स्टेशनला आणि कुठल्या गेटला भेटायचं तेही वरच ठरवून घ्या, खाली उतरल्यावर फोन लागेल असं धरून चालू नका.

प्रश्न : आमचं तारकर्लीला घरगुती होमस्टे आहे, चार खोल्या. पाहुणे गाडीतून उतरले की पहिला प्रश्न वायफायचा पासवर्ड काय. सगळ्यांना आमच्या घरचाच पासवर्ड देतो. त्यात काही धोका आहे का? (मालवण)

उत्तर : प्रश्न वेगळा आहे पण घेतलाच पाहिजे, कारण आतापर्यंत आपण वायफाय वापरणाऱ्याचं बोललो, तुम्ही देणारे आहात. घरचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. तुमच्या राउटरमध्ये बहुतेक गेस्ट नेटवर्कची सोय असेल, ज्याने कनेक्शन दिलं त्या केबलवाल्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. त्याने काय होतं, पाहुण्यांना नेट मिळतं पण तुमचा सीसीटीव्ही, टीव्ही, घरातला कॉम्प्युटर त्यांना दिसत नाही. आणि हे फार महत्त्वाचं, कारण सीसीटीव्हीचा पासवर्ड बऱ्याच घरांत बसवणाऱ्याने ठेवला तोच असतो. तो बदला, राउटरचाही बदला. गेस्टचा पासवर्ड सीझनमध्ये अधूनमधून बदलत राहा, कारण तुमच्या कनेक्शनवरून कुणी वाकडं काम केलं तर पोलिसांची पहिली विचारणा कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला. म्हणूनच पाहुण्यांचं रजिस्टर आणि ओळखपत्राची नोंद नीट ठेवा, ती तशीही ठेवायचीच असते. पासवर्डशिवाय उघडं वायफाय तर अजिबात नको.

आणि एक, बुकिंगच्या वेळीच खरं सांगा की इथे कुठल्या कंपनीची रेंज येते आणि कुठल्या कंपनीची नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाचं सिम इथे बंद पडलं तर त्याला यूपीआय पण करता येत नाही आणि तुमचं बिल अडकतं. अशा वेळी तुमचं वायफाय त्याचा जीव वाचवतं. शिवाय त्याच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून द्या, आपल्याकडे २०१९-२० पासून मोठ्या कंपन्यांनी ते दिलंय, रेंज शून्य असली तरी वायफायवरून साधा फोन लागतो आणि येतो, वेगळे पैसे नाहीत. पावसात लाइट गेली की राउटर बंद पडतो, त्याला छोटा बॅटरी बॅकअप मिळतो तो लावून घ्या. निसर्ग आणि तौक्ते वादळांत टॉवरच बंद पडले होते आणि बाहेरगावच्या माणसांना आपल्या घरच्यांचा आवाज ऐकायला मिळत नव्हता ते किनाऱ्यावरच्या आपल्या सगळ्यांना आठवतंय.

प्रश्न : फ्री वायफायवर व्हीपीएन लागतंच का? (रत्नागिरी)

उत्तर : व्हीपीएन म्हणजे आपलं सगळं नेट कुलूप लावून दुसऱ्या कंपनीमार्फत फिरवणारं अॅप. साध्या वापराला ते लागत नाही. ऑफिसने दिलेलं असेल तर ऑफिसच्या कामाला जरूर वापरा. पण प्ले स्टोअरवरचं पहिलं दिसेल ते फुकट व्हीपीएन टाकू नका, त्याने तुमची सगळी ये-जा एका अनोळखी कंपनीच्या हातात जाते, मग वायफायवाल्यापासून लपवून मिळवलं काय. त्यापेक्षा आपला डेटा चालू करा.